उमेदवारी : एका जुन्या वाटेचा इतिहास

'उमेदवार' म्हटले की आज डोळ्यांपुढे निवडणूक उभी राहते. भिंतीवरचा फोटो, खाली चिन्ह आणि गल्लीतून फिरणारी कर्ण्याची रिक्षा. परंतु आपल्या पणजोबांच्या पिढीला या शब्दाचा दुसराच अर्थ आधी सुचत असे. शब्द मूळचा फारसी. उमेद म्हणजे आशा, आणि ती मनात धरून बसलेला तो उमेदवार. कशाची आशा? तर सरकारी कचेरीत जागा मिळण्याची. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील मामलेदार-कलेक्टरांच्या कचेऱ्यांतून असे तरुण बसलेले असत. त्यांना पगार नसे. कारकुनाशेजारी बैठक मारायची, अर्जांच्या नकला काढायच्या, दप्तराचे रुमाल सोडायचे आणि बांधायचे, मोडी वाचण्याचा सराव करायचा, बेरजा ताडून पाहायच्या, आणि कोणाची तरी जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. याला 'उमेदवारी करणे' म्हणत.

आज आपली मुले ज्याला इंटर्नशिप म्हणतात ती थोड्याफार फरकाने हीच उमेदवारी होय. कारखान्यातील शिकणाऱ्या मुलाला कायदा आजही 'शिकाऊ उमेदवार' असेच म्हणतो. डॉक्टरांच्या शेवटच्या वर्षाला 'आंतरवासिता' असा भारदस्त शब्द आहे. आम्ही शिक्षक मंडळी बी. एड. करताना शाळेत जाऊन पाठ घेतो, तो आमचा छात्रसेवाकाल. नाव काहीही असो, गोष्ट एकच आहे. पुस्तकात वाचलेले काम, ते काम जिथे चालते तिथे जाऊन, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, काही काळ प्रत्यक्ष करून पाहणे.

पालकहो, या वाटेचे फायदे आपण हल्ली पुष्कळ ऐकतो. कॉलेजात त्यावर भाषणे होतात, माहितीपत्रके वाटली जातात. मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडतो. ही वाट इतकी जुनी आणि इतकी फायद्याची, तर तिच्यावर पाऊल ठेवायला कोणाला मिळाले, आणि दाराबाहेर कोण उभे राहिले? याचे उत्तर शोधू लागलो म्हणजे फायदा कशात आहे तेही आपोआप कळते.

सुरुवात दवाखान्यापासून करणे सोयीचे, कारण तेथील हकीकत बरीच जुनी आहे. इ. स. ९३१ मध्ये बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावला. ती गोष्ट खलिफा मुक्तदिर यांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी शहरातील वैद्यांची परीक्षा घेण्याचा हुकूम सोडला. सिनान इब्न साबित या राजवैद्याकडे हे काम आले, आणि परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या आठशेच्या वर गेली असे इतिहासकारांनी नोंदले आहे. त्याच शतकात होऊन गेलेल्या अली इब्न अब्बास अल्-मजूसी या हकिमाने आपल्या वैद्यकग्रंथात विद्यार्थ्यांना बजावले आहे की, रुग्णालयात नेहमी हजेरी लावा, हुशार उस्तादांबरोबर रोग्यांपाशी जा, त्यांच्या प्रकृतीत काय बदल होतो ते विचारा आणि वाचलेल्याशी ताडून पाहा. आजच्या इंटर्न डॉक्टरला त्याचे वरिष्ठ याहून निराळे काय सांगतात? 'इंटर्न' हा शब्दही दवाखान्यातूनच आला. पॅरिसच्या रुग्णालयांत १८०२ साली परीक्षा घेऊन निवडलेल्या विद्यार्थ्यांना आत राहून काम करण्याची पद्धत सुरू झाली. आत राहणारा म्हणून तो 'इंटर्न'.

इतर धंद्यांत आत शिरण्याचे दार एवढे उघडे नव्हते. फ्रान्सहून आलेला बर्निए हा प्रवासी औरंगजेबाच्या काळात दिल्लीस होता. तो स्वतः वैद्य होता आणि दानिशमंद खान या सरदाराच्या पदरी राहिला होता. बादशाही कारखाने त्याने पाहिले. एका दालनात जरीकाम करणारे, दुसऱ्यात सोनार, तिसऱ्यात चितारी, पुढे सुतार, कातारी, शिंपी, मोची. प्रत्येक ठिकाणी वर उस्ताद. कामाची वाखाणणी करून त्याने एक गोष्ट टिपून ठेवली. जरीकाम करणारा आपल्या मुलाला जरीकामच शिकवतो, सोनाराचा मुलगा सोनारच होतो, आणि शहरातला वैद्य आपल्या मुलालाच वैद्य करतो. शिकण्याची रीत उत्तम, परंतु उस्तादाच्या घरी जन्म घ्यावा लागे.

महाराष्ट्रातील गावगाड्यातही निराळे नव्हते. कुळकर्ण्याचा मुलगा बापाच्या शेजारी बसून जमाबंदी शिकला, कारण दप्तर घरातच होते. कचेरीतील उमेदवारी दिसायला सर्वांना खुली होती. पण शिरस्तेदाराने बसू दिले तर बसायचे, आणि शिरस्तेदार बसू देई तो बहुधा आपल्या नात्यातल्या किंवा ओळखीच्या मुलाला. सरकारी खात्यांत एकाच वर्गाचा भरणा झाला आहे अशी तक्रार महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त केली, त्यामागे हेही एक कारण होते. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकरीत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, आणि १९१८ साली कुळकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमण्याची पद्धत आणली. दप्तर घरातून चावडीवर आले, म्हणजे ते शिकण्याची सोय दुसऱ्याच्या मुलालाही झाली. याच महाराजांनी कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांसाठी १९०६ साली बोर्डिंग उभे करण्यास हात दिला, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच.

आता पदवी आणि उमेदवारी यांचा संबंध कसा आहे ते एका प्रसिद्ध माणसाच्या चरित्रावरून पाहू. त्या काळी कायद्याच्या धंद्यात दोन वाटा होत्या. सॉलिसिटर व्हायचे तर जुन्या सॉलिसिटरच्या कचेरीत काही वर्षे करारावर राहून काम शिकावे लागे. हिंदी लोकांतील पहिले सॉलिसिटर म्हणून ज्यांचे नाव घेतात ते कमरुद्दीन तय्यबजी. अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक आणि १८८७ सालचे काँग्रेसचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांचे ते वडील बंधू. बॅरिस्टरांवर मात्र असे बंधन नव्हते. लंडनला जावे, ठरलेल्या मुदतीत ठरलेली जेवणे जेवावी, परीक्षा द्यावी आणि बॅरिस्टर होऊन यावे.

मोहनदास करमचंद गांधी हे असेच १८९१ साली बॅरिस्टर होऊन परत आले. आत्मकथेत त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे की कायदे वाचले होते, पण वकिली कशी करायची ते कोणी शिकवले नव्हते. मुंबईत त्यांना स्मॉल कॉज कोर्टात एक किरकोळ दावा मिळाला. फी रुपये तीस. उलटतपासणीसाठी उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, पैसे परत केले, आणि पक्षकाराला दुसरा वकील पाहा म्हणून सांगितले. विलायतेची पदवी खिशात असताना तिसाची फी परत करावी लागली, हे पदवीधर मुलांनी आणि त्यांच्या वालिदांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यात गांधीजींच्या बुद्धीचा दोष नव्हता. मधली पायरीच नव्हती.

ती पायरी त्यांना १८९३ साली मिळाली, आणि ती देणारे होते दादा अब्दुल्ला शेट, पोरबंदरकडचे मेमण व्यापारी. दक्षिण आफ्रिकेत त्यांची मोठी पेढी होती आणि नात्यातल्याच तय्यब हाजी खान मुहम्मद या व्यापाऱ्याशी चाळीस हजार पौंडांचा दावा प्रिटोरियाला चालू होता. मोठे वकील नेमलेलेच होते. त्यांना कागदपत्र समजावून देण्यासाठी आणि इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळण्यासाठी एक माणूस हवा होता. अट अशी की मुदत वर्षभराची, जाण्या-येण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे, राहण्या-जेवण्याचा खर्च आणि वर एकशे पाच पौंड. ही बॅरिस्टरची नेमणूक नसून पेढीच्या नोकराची आहे हे गांधीजींना दिसत होते, तरी ते गेले.

तेथे काय झाले ते विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. दावा सगळा जमाखर्चाचा, आणि बॅरिस्टरसाहेबांना जमाखर्च येत नव्हता. कागदात 'पी. नोट' असे वारंवार येई. शब्दकोशात सापडेना. शेवटी पेढीवरच्या गुमास्त्याने सांगितले की प्रॉमिसरी नोट, म्हणजे पैसे देण्याची लेखी कबुली. मग त्यांनी हिशेब ठेवण्याच्या विद्येवर एक पुस्तक विकत घेतले आणि अभ्यास केला. अब्दुल्ला शेटचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. बोलण्यापुरते इंग्रजी त्यांनी व्यवहारातून उचलले होते, आणि तेवढ्यावर बँकेचे मॅनेजर आणि गोरे व्यापारी यांच्याशी ते सारा कारभार करीत. पण आपल्या दाव्यातील वस्तुस्थिती त्यांना इतकी पाठ होती की बॅरिस्टरने त्यांच्यापुढे बसून शिकावे. गांधीजी शिकले. शेवटी त्यांनी दोन्ही शेटना लवादापर्यंत आणले. निकाल अब्दुल्ला शेटच्या बाजूने सुमारे सदतीस हजार पौंड आणि खर्च असा लागला, तेव्हा तय्यब शेट एकदम बुडू नयेत म्हणून लांब मुदतीचे हप्ते ठरवून घेतले. नवखा वकील मोठ्या वकिलाच्या कचेरीत बसून जे शिकतो ते आपण तेथे शिकलो, आणि वकिली आपल्याला जमेल हा भरवसा तेथेच आला, असे त्यांनी या वर्षाबद्दल म्हटले आहे.

उमेदवारीचे जे फायदे माहितीपत्रकात मुद्दे पाडून लिहिलेले असतात ते सगळे या एका वर्षात आहेत. पुस्तकात नसलेला शब्द गुमास्त्याकडून कळतो. आपल्याला काय येत नाही ते कळते. वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसाशी कसे बोलावे हे अंगवळणी पडते. आणि स्वतःबद्दलचा भरवसा येतो, जो गुणपत्रिकेवर छापता येत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपण दुर्लक्ष करतो. शिकवणारा माणूस पदवीधरच असला पाहिजे असे नाही. आपल्या बाजारपेठेत, यंत्रमागाच्या शेडमध्ये, मासळीच्या लिलावात असे पुष्कळ अब्दुल्ला शेट बसलेले आहेत. बी. कॉम. झालेल्या मुलाला त्यांच्या दुकानी महिनाभर बसायला सांगितले तर त्याला कमीपणा वाटतो. मला यात कमीपणा दिसत नाही.

ही झाली दार उघडल्याची गोष्ट. आता बंद दाराची, आणि ती आपल्या कोकणातली आहे.

रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावरील मुसलमान वस्त्यांत असे घर विरळा, की ज्यातला कोणी ना कोणी बोटीवर गेला नाही. पी अँड ओ आणि इतर इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी आपल्याच मुलखातून भरले जात. खलाशी, मग सुकाणी, कसाब, तांडेल आणि सर्वांच्या वर सारंग, अशी ती उतरंड. सारंग आपल्या गावची, नात्यातली पोरे घेऊन जाई आणि बोटीवर शिकवी. दोर कसा वळावा, वारा कसा ओळखावा, रंगकाम, नांगर, सुकाणू, सगळे काम हातांना शिकवलेले. ही उमेदवारी उत्तम दर्जाची होती. पण तिचे छप्पर सारंगाच्या हुद्द्यापाशी संपत असे. त्याच्या वर जो तिसरा अधिकारी, दुसरा अधिकारी आणि कप्तान, ती मंडळी गोरी.

कारण काय? कारण अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसायचे तर आधी ठरावीक काळ समुद्रावर अधिकाऱ्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून काढावा लागे, आणि इंग्रजी कंपन्या हिंदी मुलांना त्या जागेवर घेत नसत. परीक्षेला बसायला काळे-गोरे असा कायदा आडवा येत नव्हता. उमेदवारीची जागाच मिळत नव्हती, मग परीक्षेपर्यंत पोहोचणार कसे? तीस-तीस वर्षे दर्या तुडवलेला सारंग विशीतल्या गोऱ्या शिकाऊ पोराला 'साहेब' म्हणून सलाम करी, तो एवढ्याचसाठी.

हा अन्याय मध्यवर्ती विधिमंडळात मांडला गेला. सरकारने समिती नेमली. तिच्या शिफारशीनंतर १९२७ साली मुंबई बंदरात 'डफरिन' हे शिक्षणजहाज नांगरून ठेवण्यात आले. पूर्वी ते फौजेची ने-आण करणारे जहाज होते. त्यावर हिंदी मुलांना अधिकारी होण्याचे शिक्षण मिळू लागले. तरीही अडचण संपली नाही, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील शिकण्यासारखा भाग हाच आहे. डफरिनवरचा अभ्यास पुरा झाला तरी मुलाला शिकाऊ म्हणून समुद्रावर जायला खरे चालते जहाज लागणारच. ते द्यायचे कोणी? अशा वेळी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या स्वदेशी कंपनीची बोट उपयोगी पडली. ही कंपनी १९१९ साली निघाली आणि तिच्या उभारणीत सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचा पुढाकार होता. शाळा सरकारने काढली, पण उमेदवारी देणारा मालक भेटला तेव्हाच शिक्षण पुरे झाले. डफरिनच्या जागी १९७२ साली 'राजेंद्र' हे जहाज आले आणि १९९३ पासून ते शिक्षण नवी मुंबईत जमिनीवर, 'चाणक्य' या नावाने चालू झाले.

आजही किनाऱ्यावरील तरुणांपुढे तीच अडचण निराळ्या वेषात उभी आहे. कोर्स होतो, सीडीसी हातात येते, आणि पहिली बोट मिळत नाही. मग दलाल भेटतो आणि काही लाख मागतो. बापाने जमीन विकून किंवा आईने दागिने मोडून पैसे दिल्याची उदाहरणे आपल्या आसपास आहेत. म्हणून येथे थोडे थांबून सांगतो. खलाशी भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचा परवाना असावा लागतो आणि त्याची यादी पाहता येते. परवानाधारकालाही नोकरी लावून देण्याबद्दल मुलाकडून पैसे घेता येत नाहीत. जो पैसे मागतो त्याच्याकडे जाऊ नये, मग तो ओळखीचा असला तरी. असो.

पैशाचा विषय निघाला आहे तर तो पुरा करू. कचेरीतला जुना उमेदवार बिनपगारी बसे. कोण बसू शके? ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी निश्चित आहे तो. ज्याचा बाप मजुरीवर जाई त्याच्या मुलाला वर्ष-दोन वर्षे फुकट नकला काढीत बसणे परवडत नसे, मग त्याचे अक्षर मोत्यासारखे का असेना. इंग्लंडात तर याहून कडक रीत होती. १५६३ च्या कायद्याने तेथे सात वर्षांची उमेदवारी धंदा करण्यासाठी सक्तीची केली होती, ती १८१४ मध्ये उठली. चांगल्या उस्तादाकडे मुलगा ठेवायचा तर बापालाच उलट रक्कम मोजावी लागे.

या रिवाजाला वळण देणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला. सिनसिनाटी विद्यापीठातील हर्मन श्नायडर या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनी १९०६ साली सत्तावीस विद्यार्थी घेऊन नवी पद्धत चालू केली. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक जण वर्गात तेव्हा दुसरा कारखान्यात, मग अदलाबदल. त्यामुळे मालकाचे यंत्र कधी रिकामे राहत नसे. आणि कारखान्यातील कामाला मजुरी मिळे. शिकता शिकता कमवायचे, आणि कमावलेल्यातून शिकायचे. शंकेखोर बरेच होते, पण ही पद्धत टिकली आणि इतर विद्यापीठांनी उचलली. मुलाला पैसे मिळाले म्हणजे त्याच्या शिकण्याला बाध येतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण पाहावे.

आपल्या देशात १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. कारखानदाराने ठरावीक संख्येने शिकाऊ उमेदवार घ्यावेत आणि त्यांना विद्यावेतन द्यावे असे त्याने ठरवून दिले. प्रथम हा आयटीआय वगैरे कारागिरीच्या धंद्यांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने इंजिनिअरिंगचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले, १९८६ मध्ये बारावी व्यवसाय शिक्षणाची मुले आली, आणि २०१४ च्या दुरुस्तीने साध्या बी. ए., बी. कॉम. पदवीधरांनाही दार उघडले. २०१९ साली नियमांत बदल होऊन किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना पाच ते नऊ हजार रुपये असे ठरले. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने युवा कार्य प्रशिक्षणाची योजना काढली, तिच्यात बारावी झालेल्यास सहा हजार, आयटीआय व पदविका झालेल्यास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये महिना, मुदत सहा महिने असे होते. पुढे मुदत वाढवण्यात आली. त्याच वर्षी केंद्र सरकारनेही मोठ्या कंपन्यांत वर्षभराच्या इंटर्नशिपची योजना जाहीर केली आणि महिना पाच हजार ठरवले. रकमा मोठ्या नाहीत हे कबूल. पण तालुक्याच्या गावी खोलीचे भाडे आणि एसटीचा पास यांची सोय होते, आणि ज्याच्या घरी दोन वेळची निश्चिती नाही त्यालाही शिकायला बसता येते. कचेरीतल्या जुन्या उमेदवाराला एवढेच मिळाले असते तर आपल्या समाजाचा इतिहास थोडा निराळा लिहावा लागला असता, असे मला वाटते.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे. मुदत संपली की कायम करतील ही आशा शब्दातच आहे, पण कायद्याने मालकावर तसे बंधन घातलेले नाही. वरील योजनांत गेलेल्या अनेक मुलांचा मुदतीनंतर विरस झाला तो यामुळे. मुदतीत काय शिकलो हा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी ठेवावा. आणि चहा आणणे, झेरॉक्स काढणे यापलीकडे महिनाभरात काहीच मिळाले नाही तर विचारण्याचे धाडस करावे. अदबीने विचारलेल्या प्रश्नाचा राग सहसा कोणी धरीत नाही.

आपल्या समाजात शिकवणाऱ्या हातांची कमतरता कधीच नव्हती. भिवंडी-मालेगावचा माग, गॅरेज, बेकरी, फर्निचर, बोट. बारा वर्षांच्या मुलाला उस्तादापाशी ठेवून शागिर्दाचा उस्ताद करणारे आपलेच लोक. बालवयात शाळा सोडवून कामाला लावण्याची ती रीत मी वाखाणत नाही. तिच्यापायी किती हुशार मुले माझ्या वर्गातून गेली ते मला ठाऊक आहे. पण पाहा, तिकडे हात शिकला आणि त्याच्याकडे कागद नाही. इकडे कॉलेजातला मुलगा कागद घेऊन उभा आणि त्याच्या हाताला काम माहीत नाही. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमानांचे प्रमाण कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यांत जास्त आहे. म्हणजे ज्या कचेऱ्यांत आणि कंपन्यांत उमेदवारी मिळायची तेथे आपले मामा-चाचा बसलेले नाहीत. दुसऱ्यांच्या मुलाला जी जागा घरच्या एका फोनवर मिळते, ती आपल्या मुलाला अर्ज करून मिळवावी लागते. म्हणूनच ज्या योजनेत अर्ज आणि निवड आहे ती आपल्या मुलांच्या अधिक उपयोगाची.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर कॉलेजच्या अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाला गुण ठेवलेले आहेत. त्यावरही तोड निघाली आहे. ओळखीच्या दुकानदाराकडून कोऱ्या कागदावर शिक्का आणायचा आणि वहीत तास भरून टाकायचे. पालक हे पाहतात आणि हसून सोडून देतात. गांधीजींना कोणी पी. नोट समजावून सांगितल्याचा खोटा दाखला दिला असता तर प्रिटोरियाला काय उपयोग झाला असता?

मुलींबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या संस्थेत आणि इतरत्रही मुलींचे निकाल चांगले लागतात. पदवीपर्यंत अम्मी-अब्बा शिकू देतात, पण 'ऑफिसात बसायला' म्हटले की घरात शांतता पसरते. जागा कोणती, सोबत कोण, परत किती वाजता, हे प्रश्न पालकांनी विचारावेत, तो त्यांचा हक्क आहे. उत्तरे मिळण्यासारखी आहेत. बँक, दवाखान्याची प्रयोगशाळा, सीएचे ऑफिस, तालुक्याचे वाचनालय येथे दिवसाउजेडी काम चालते आणि बायकाही असतात. अब्बांनी एकदा स्वतः जाऊन पाहून यावे आणि मग ठरवावे. न पाहता नाही म्हणू नये.

आता एक सूचना, आणि ती संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी. तुमच्यापैकी कोणी मुंबईत सॉलिसिटरच्या कचेरीत आहे, कोणी तळोजा किंवा लोटेच्या कारखान्यात सुपरवायझर, कोणी बोटीवर इंजिनिअर, कोणाचे स्वतःचे वर्कशॉप. एप्रिलअखेर परीक्षा संपतात. जूनपर्यंत सहा आठवडे मिळतात. प्रत्येकाने आपल्याकडे एक मुलगा किंवा मुलगी बसवून घेण्याची परवानगी आपल्या वरिष्ठांकडे मागावी. भाड्याचे पैसे देता आले तर द्यावेत, निदान दुपारचे जेवण. काम कोणते, वेळ काय, कोणाच्या हाताखाली, एवढे पत्राने किंवा फोनने शाळेच्या कार्यालयात कळवावे. माझ्याकडे जुन्या हजेरीपटाची एक कोरी वही आहे. तिच्यात डाव्या बाजूला तुमची नावे लिहीन, उजव्या बाजूला मुलांची. सुट्टी लागण्याच्या आत जोड्या लावू.